आऊट

सेलूच्या जिंतूर नाक्यावर
सालेह चाऊसच्या दुकानात
मी वहीचं पान उघडून ठेवलं.
एकोणसाठ वस्तू. पुढं रकाना : कुठली?

तीस वर्षं आयटीआयच्या पोरांना
कानस धरायला शिकवली.
निरोपाला घड्याळ मिळालं, तेही परदेशी.
म्हणून असेल.
म्हटलं, एक सायकल करू,
वायसरापासून घंटीपर्यंत इथलीच.
चाऊस म्हणाला, "कामून, साहेब?
कंपनीची घ्या की तयार."
हसला, पण स्टूल पुढं सरकवलं.

हब आणि चेन लुधियानाची.
हुजूर साहेबला निघालेल्या एका सरदारजीनं
सचखंडमधून आणली, पगडीच्या जुन्या कापडात बांधून.
परभणीला खिडकीतूनच दिली.
मी पाकीट काढेपर्यंत गाडी हलली.
अजून देणं आहे.

सीटचं चामडं मुंजाजीनं भिजवलं,
साच्यावर ठोकलं, चार दिवस वाळूत पुरलं,
वर म्हणाला, "पहिले सहा महिने शिव्या द्याल,
मग नाव घ्याल."
कॅरिअर माझं.
जालन्याच्या मिलचा दोन सुती गज,
वेल्डिंगचा एक टाका तेवढा वाकडा.
बघणाऱ्याला दिसत नाही.
मला रात्री दिसतो.

रकाना भरत गेला.
पुढं बत्तीस आरे, मागं चाळीस,
बॉटमचे कप, ब्रेकचे रबर, पायडलं.
पाव इंची छर्ऱ्यांच्या डबीवर मात्र
देशी नावाची चिकटपट्टी होती.
नखानं खरवडली.
खाली दुसरंच नाव,
मला वाचता न येणाऱ्या अक्षरांत.

डबी परत. नऊ दिवस हिंडलो.
मानवत, परतूर, परभणीचं भंगार.
दहाव्या दिवशी चाऊस माळ्यावर चढला,
बापाचा डालड्याचा डबा घेऊन उतरला :
काळ्या ग्रीसमध्ये बुडालेले छर्रे,
कोणकोणत्या मेलेल्या सायकलींचे.
एकेक घासलेटात धुतला,
मायक्रोमीटरनं मोजला.
चाळीस चांगले निघाले. नेमके लागतात तेवढे.

"पण हे कुठले?" मी पेन्सिल उघडली.

चाऊस चाकाचा आऊट काढत होता.
एक डोळा बारीक, बोटांत निपलची चावी.
मान वर न करता बोलला,
"पडदादा मेरे हद्रमौत के.
निजाम की फौज में आए, इधरिच गड गए.
मेरे को भी लिखो ना कागज पे.
लिखो, कहाँ का माल."

चाक फिरत होतं.
एका जागी रबराला घासायचं,
खस्स.
पुन्हा तिथंच, खस्स.
त्यानं तिथली तार पाव आटा आवळली,
समोरची तेवढीच ढिली केली.
खस्स गेला.
मी पेन्सिल कानाला लावली.

शेवटी फ्रीव्हील उघडलं
तर खटक्याची स्प्रिंग मोडकी.
शेजारच्या भजनी मंडळातून
एकतारीची उरलेली तार आली, वीतभर.
चाऊसनं ती नखाएवढी वळवून बसवली.
तार कुणी ओढली, कुठं ओढली,
विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं.
चहा आला, तो प्यालो.

आज सकाळी पाथरी रस्त्यानं निघालो.
मुंजाजीचं खरं आहे, सीट चावतं.
उतारावर पाय थांबवले
आणि मागून सुरू झालं, टिक टिक टिक टिक,
मधूनच एक टिक जरा जाड.

फाटक बंद.
नांदेडकडून सचखंड येत होती.
एक पाय जमिनीवर टेकून
मी खिसा चाचपला :
हब आणि चेनचे पैसे,
दोन महिने घडी करून ठेवलेले.
डबे जात राहिले, एकामागं एक,
खिडक्यांत पगड्या, निळ्या, भगव्या, एक पांढरी.
मी प्रत्येकीला हात केला.