फणसाची पेटी

देवगड बंदरावरच्या बंद पडलेल्या बर्फ कारखान्यात
चार पोरं तीन वर्षं गुरगुरत होती.
खाजण, असं नाव त्यांच्या बँडचं.
लोक म्हणत, गिरणीत धोंडे पडले काय रे?
मी काहीच म्हणत नव्हतो.
माझा उजवा कान ट्रॉलरच्या इंजिनाने केव्हाच खाल्ला,
डावा मी बायकोसाठी राखून ठेवलाय.

मी होड्या बांधायचो.
फायबर आलं नि वाकस गंजला.
तेव्हा इरफान सोलकर आला, गिटारवाला.
भिवाकाका, स्पीकरला पेटी हवी,
प्लायवुडची फाटते.
फाटते म्हणजे?
आवाज मावत नाही तिच्यात.

हे मला कळलं.
मागल्या परड्यातला फणस धरायचा थांबला होता,
तो पाडला. फळ्या दीड वर्ष सावलीत.
सांधा होडीचा घातला, खिळा एक नाही,
उंडीचं तेल आतून, बाहेरून.
भाल्याने ड्रमवर पहिला घाव घातला
तेव्हा मी पेटीवर तळवा ठेवला:
किल्ल्याखालच्या घळीत समुद्र शिरतो, तसं काहीतरी
मनगटात चढलं, कोपरात,
दाढेत भरलेल्या चांदीपर्यंत.

मग बोलावणं आलं. अकरा गावं, तेवीस दिवस, ऐन जानेवारीत.
हॅम्बर्ग, ग्दान्स्क, टॅलिन, हेलसिंकी...
वैजू खोबरेकरने नावं माझ्या भिंतीवर खडूने लिहून दिली,
लिलावात वजनं लिहिते तशी, घाईत, एकाखाली एक.
वैजू गाते. म्हणजे गात नाही,
बेंबीपासून खरवडून काढते आवाज.
पहाटे चाळीस व्यापाऱ्यांच्या डोक्यांवरून
सुरमईचा भाव फेकून फेकून
घडलेला गळा तो.

हॅम्बर्गच्या गोदीत पेटी अडकली.
लाकूड कसलं? धुरी दिल्याचा शिक्का कुठाय?
आत किडा नाही कशावरून?
रात्री अडीचला फोन, माझ्या डाव्या कानाला.
मी म्हटलं, साहेबाक सांग,
उंडयेच्या तेलाक किडो शिवणा नाय.
नाक लाव म्हणा पेटयेक.
इरफानने त्याचं काय केलं देव जाणे.
साहेब म्हणे खरंच वाकला, वास घेतला, शिंकला,
आणि तरी चार दिवस ठेवून घेतली.
पहिले दोन कार्यक्रम उसन्या पेटीवर झाले.
आवाज होता, सॅव्हियोने लिहिलं,
पण काका, तळ नव्हता.

मी रोज एक नाव पुसायचो.
टॅलिनच्या रात्री उठून कारखान्यात गेलो,
पेटी असायची त्या जागी जमिनीवर तळवा टेकला.
गार लादी.
थोडी घुमत होती.
किंवा वरच्या रस्त्याने चिऱ्याचा ट्रक गेला असेल.

पेटी परत आली ती अंगभर चिकटपट्ट्या घेऊन,
न वाचता येणारी अक्षरं, कुणाच्या तरी बुटाचा ठसा,
खालच्या सांध्याला केसाएवढी चीर.
तिथं उणे अठरा होतं, काका,
भाल्या म्हणाला, आपणच केल्यासारखं.
फणसाला कुठली माहीत असणार तसली थंडी.
मी कापूस नि राळ भरली, होडीला भरतात तशी.
चिकटपट्ट्यांना हात लावला नाही.

दुसऱ्या पहाटे वैजू लिलावात उभी,
गळ्याला परदेशी मफलर, आवाज ठार बसलेला.
बोटांनी भाव सांगत होती.
मी गर्दीत घुसून विचारलं,
हेलसिंकीक माणसां कितकी होती गो?
तिने चार बोटं वर केली.
चारशे, की चार हजार,
विचारणार इतक्यात मागून कोण तरी ओरडला,
घेतली!
आणि माझ्या समोरून टोपली उचलली गेली.