आदि.

मस्टरचा रकाना अर्ध्या इंचाचा होता,
एवढंच. वाईट काही मनात नव्हतं.
दिंडोरी रोडच्या पॅकहाउसला द्राक्षांचा हंगाम,
पहाटे पेठ नाक्यावरून पिकअप भरून यायचे,
सुरगाण्याचे, हरसूलचे, बाऱ्ह्याचे लोक,
आणि ठेकेदाराला पत्रक हवं होतं जमातवार.
मी लिहिलं, आदि.
खाली तेच, खाली तेच, मग नुसती डिट्टोची खूण.

अर्धा शब्द, आणि त्यापुढे पूर्णविराम.

शाळेत शिकलो होतो, आदि म्हणजे आरंभ.
हेही तिथंच शिकलो: आंबा, फणस, चिकू आदी फळे,
म्हणजे ज्यांची नावं घ्यायचा कंटाळा आला ती.

हंगाम निम्म्यावर आला तोवर
शब्द वहीतून उठून ग्रेडिंगच्या टेबलापाशी गेला होता.
सुपरवायझर वाघचौरे, "चार आदी पाठव लोडिंगला."
वॉचमन, "ए आदी, चपला बाहेर."
लेबलं लावणाऱ्या पंचवटीच्या पोरी हसायच्या.
शिवी नव्हती त्यात. शब्दकोश चाळला तरी सापडणार नाही.
टिंब तेवढं गळलं होतं,
आणि टिंबाच्या जागी हनुवटी आली होती,
वर करून बोलतात ती.

पगाराच्या शनिवारी देवकी भोयेने
अंगठ्याचं पॅड बाजूला सारलं
आणि सही केली, पूर्ण, सावकाश, रकान्याबाहेर जाऊन.
पेन परत देताना म्हणाली,
"घरी मला देवू म्हणतात.
तेही तोडलेलंच आहे, भाऊ.
पण तोडणाऱ्याला सगळं पाठ आहे."

मी नोटा मोजत राहिलो. दोनदा चुकलो.
भिवंडीच्या गोदामातली तीन वर्षं आठवली.
कसारा उतरला की मी खैरनार नसायचो,
घाटी.
घाटावरचा, एवढाच अर्थ, नकाशाइतका खरा.
चहा आला की घाटीला शेवटी,
माल हरवला की घाटीला आधी.
चिडलो तर म्हणायचे, अरे, खोटं काय त्यात?
खोटं काहीच नव्हतं.
म्हणून तर उत्तर सुचायचं नाही.

रविवारी मेन रोडवरून नवी वही आणली.
पट्टीने रकाना रुंद आखला.
देवकी लक्ष्मण भोये, कोकणा, मु. पो. बाऱ्हे.
पुढे वारली, महादेव कोळी, ज्याचं जे ते.
मु. पो. लिहिताना हात थबकला,
मग वाटलं, गावाला राग येत नसावा.
ठेकेदार म्हणाला, शाई फुकट येते का रे?

मी खूश होतो स्वतःवर,
सोमवारी सकाळी साडेसातपर्यंत.
मग पिकअप थांबला,
आणि फाटकातून वॉचमनचा आवाज,
रोजचा, प्रेमळच म्हणा ना,
"या रे आदी, या."

देवकी उतरली. डबा काखेत, ओढणी डोक्याला.
माझ्याकडे पाहिलंही नाही तिने.
वही उघडी धरून मी उभा होतो
जणू कुणी वाचायला मागितली होती.