हत्तीगवत

एकाहत्तराव्या वर्षी हेडली थर्लबीने
बीटाच्या शेतात गवत लावलं.
बी नव्हे, गड्डे. आल्यासारखे,
बोटाएवढे, मातीने माखलेले.
एकदा लावलं की वीस वर्षं बघायला नको,
असं कंपनीचा माणूस म्हणाला
आणि हेडलीच्या तोंडाकडे बघून गप्प झाला.

पहिल्या वर्षी गुडघाभर. कापून तिथंच टाकलं.
दुसऱ्या वर्षी छातीला लागलं.
तिसऱ्या वर्षी विनिफ्रेड
कुत्र्याला शोधायला आत शिरली
आणि अर्धा तास
दोघांपैकी कुणालाच घर सापडेना.

लिंकनशरचा वारा या सपाट जमिनीवरून
एरवी मुक्यानेच जायचा.
आता रात्रभर कुणीतरी
कागद चाळत बसल्यासारखं.
"मृत्युपत्र शोधतायत," ती म्हणते,
कूस बदलते.

थंडीत पानं गळून पडतात,
हिरवेपण मुळांत उतरवून
नुसते दांडे उभे राहतात
मार्चपर्यंत, धुक्यात, वाळत.

मग यंत्र येतं. चौकोनी गठ्ठे.
ट्रकवाला एकात सळई खुपसतो:
ओल चौदा टक्के. चालेल.
वीजघराची चिमणी इथून दिसत नाही.

उघड्या पडलेल्या शेतात
ससे बावचळून बसलेत.
हेडली खुंटांतून चालतो,
बुटाच्या टोकाने माती उकरतो.
कोंब.
गुलाबी, टोकदार, बुटालाही न जुमानणारा.

"घाई बघ याची," तो म्हणतो, कुत्र्याला.
चहा निवतोय म्हणून
विनिफ्रेड दारातून हाक मारते,
दुसऱ्यांदा.