इथे चित्र घालता येत नाही

सांगलीच्या मार्केट यार्डात, मगदूमांच्या अडतीत
दादू ऐवळेनं पोत्यांची नोंद केली : एकशे चौदा.
त्याखाली 'निरोप' नावाची चौकट. माझीच.
तिथे अक्षरं येतील, असं मीच धरून चालले होते.

दादूला आकडे जमतात, अक्षरं नाहीत.
त्यानं कीबोर्डवरच्या हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं,
आतून नात निवडली :
नसीम शिकलगारनं करून दिलेली, कडेनं कातरलेली,
हात हलवणारी.
दाबली.
खालून करडी पट्टी वर आली,
इथे चित्र घालता येत नाही.
पुन्हा दाबली. पुन्हा पट्टी.
तिसऱ्यांदा जरा जोरात,
काचेला कमी ऐकू येत असल्यासारखी.

"फोनात हाय की वो पोरगी,
मग तुमच्यात का जाईना?"

काय सांगू.
की कीबोर्ड चित्र देतच नाही, दादू.
तो देतो पत्ता, आणि थोड्या वेळापुरती किल्ली.
तीसुद्धा, चौकटीनं आधी सांगितलं असेल तर,
की मी घेते, हे घेते, तेही घेते.
माझी चौकट गप्प होती.

लहानपणी पाहिला होता हळदीचा सौदा :
रुमालाखाली दोन हात,
बोटांनी बोटं धरून ठरलेला भाव,
वर दोन्ही चेहरे कोरडे.
आणि हळद तिकडे लांब, पोत्यातच.

रात्री विश्रामबागच्या खोलीत
चौकटीला बोलायला शिकवलं.
किल्ली घे, लगेच आत जा,
प्रत उतरव, किल्ली परत दे.
(प्रत उतरवायची राहिली होती पहिल्यांदा.
चित्र आलं, आणि सकाळी
त्याच्या जागी रिकामा चौकोन.)

गुरुवारी नात पोचली मगदूमांच्या पडद्यावर.
पण थिजलेली. हात वर, तसाच.
वाटेत मी तिचा फोटो करून टाकला होता.
"टाटा करतीया का वर्गाबाहेर उभी केलीया?" नसीम म्हणाली.
दादू हसला नाही.

आणखी एक रात्र गेली त्यात.

आता ती हलते.
एकशे दोन, नव्वद, एकशे चौदा,
आणि रोज त्याखाली तिचा हात.
मगदूम विचारतात, हिशोबात ह्याचा काय उपयोग?
मी सांगते, पोती उतरली, असा त्याचा अर्थ.

काल यार्डाला सुट्टी होती.
पोती शून्य.
साडेसहाला ती आली तरी.