सूचीची तिसरी दुरुस्ती

लेख परत आला.
माशांबद्दल कुणाचं काहीच म्हणणं नाही,
तक्रार आहे ती स्वल्पविरामांची.
नियतकालिकाचं नाव तिरकं हवं, खंड ठळक,
अंक नकोच,
आणि पानांच्या आकड्यांमध्ये लांब रेघ.
आखूड चालणार नाही.

बाहिर दारमध्ये दुपारपासून वीज नाही.
लॅपटॉपमध्ये एक्केचाळीस टक्के,
सूचीत एकसष्ट नोंदी.
एकेक घेते, डाळीतले खडे निवडावेत तशी.

नोंद सहा. सात लेखक.
पहिला ठेवायचा, बाकीच्यांचं ‘व इतर’ करायचं.
त्या इतरांत वुबित आहे, माझ्याच वर्गातली,
जिच्या बुटांवर मी दोन वर्षं फिल्डवर्क केलं.
तिला कळणार नाही म्हणते.
कळेलच.

नोंद नऊ. मत्स्यखात्याचा अहवाल, सायक्लोस्टाइल,
मुखपृष्ठावर साल एकोणीसशे सत्याऐंशी.
हे आमचं सत्याऐंशी.
तुमचं चौऱ्याण्णव, नाहीतर पंच्याण्णव,
कारण आमचं वर्ष सप्टेंबरात उगवतं
आणि महिना छापलेला नाही.
ग्रंथालयातल्या अस्रेसला फोन लावते :
शेवटच्या पानावर तारीख आहे का बघ.
तो म्हणतो, शेवटचं पान उंदरांनी खाल्लं.
चौकटीत चारच अंक मावतात.
चौऱ्याण्णव टाकते.
एक वर्ष उंदरांच्या नावे.

आणि मग नावं.
आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षर, टिंब.
आमच्यात आडनाव नसतं.
आपलं नाव असतं, आणि त्याच्यामागे बापाचं,
दाराशी कुणी उभं असावं तसं.
मी मुलुवर्क. बिराराची मुलगी.
सूचीत मी उरले एक अक्षर :
बिरारा, म.
नऊ हंगाम गुमारा नदीत
गुडघाभर गार पाण्यात मी उभी राहिले,
अंडी मोजली, पायांना भेगा पडल्या,
आणि जग लिहितं,
‘बिरारा यांनी दाखवून दिले आहे की...’

दुसरा परीक्षक तर कळवतो,
लेखिकेने बिरारा यांचे काम
अधिक काळजीपूर्वक वाचायला हवे होते.

यावर मी इतकी हसले
की शेजारच्या खोलीतून मार्लूस आली.
ती डच, तिला सगळ्यावर उपाय सुचतो.
जोडून टाक दोन्ही, म्हणाली, मध्ये छोटी रेघ दे.
आखूड की लांब, मी विचारलं.

बिरारा यांचं काम म्हणजे
पपायरसच्या नावेतून सरपण वाहणं,
ताना सरोवराच्या या काठाहून त्या काठाला.
सही म्हणून अंगठा.
दाखवून द्यायचे ते बोटाने :
ते बघ, तिथून वर चढतात,
नदी गढूळ होते त्याच्या आदल्या रात्री.
पुस्तकांत लिहिलंय, गढूळ झाल्यावर.
माझा सगळा लेख
या एका रात्रीच्या फरकावर उभा आहे.

तो कुठे घालायचा?
नियम बावीस : व्यक्तिगत संवाद सूचीत घेऊ नये,
मजकुरातच कंसात द्यावा, आडनावासह.
वडिलांचं आडनाव म्हणून
तिथे माझे आजोबा आले, तेगेन्ये,
ज्यांना पाण्याची भीती वाटायची
आणि मासे आवडत नसत.

आता संपादकांचा शेवटचा प्रश्न :
तेगेन्ये, ब. यांच्याशी संवाद झाल्याची तारीख,
त्यांचा ईमेल, आणि लेखी संमती.

तारीख.
मी सात वर्षांची होते,
नावेत सरपणावर डोकं टेकून अर्धवट झोपेत.
ईमेल नाही.
संमतीचा कागद मात्र छापून घेतला सकाळीच,
वीज होती तेव्हा.

नऊ टक्के.
उद्या वोरेताची पहिली बस, तिथून पायी.
पिशवीत साखर, कॉफीचे दाणे,
आणि ऑफिसातलं निळ्या शाईचं पॅड,
न विचारता घेतलेलं.
अंगठा नेहमी जरा तिरका उमटतो त्यांचा.
तेवढं मी सरळ करणार नाही.