चाळीसपैकी

एप्रिल. सावदा. दुपारचे तीन.
कूलरच्या वाळ्यातून पाणी ठिबकतंय
आणि पुढ्यात आठवी ब,
सुतळीनं बांधलेली, बावन्न उत्तरपत्रिका,
सामान्य विज्ञान, गुण चाळीस.
शेजारी उत्तरसूची. ती माझीच,
डिसेंबरात लिहिलेली, थंड डोक्यानं.

पाण्याचा उत्कलनांक: शंभर, शंभर, शंभर,
मग एकदम 'चहाइतका'.
हसले. फुली मारली. पुन्हा पाहिलं,
एकक लिहायला हाही विसरलाय,
शंभरवाल्यांसारखाच.

वाफेचा दाब, एक उदाहरण द्या.
सूचीत प्रेशर कुकर. एकेचाळीस जणांचा कुकर
एकाच शिट्टीत शिजलेला,
पहिल्या बाकापासून थेट खिडकीपर्यंत.
हर्षाली झोपेचं मात्र वांगं:
'भरताचं वांगं भाजायच्या आधी त्याले टोचे मारतात.
नाही मारले तर ते फुटते आणि तोंडावर उडते.'
'त्याले'खाली रेघ ओढायची हाताला सवय.
ओढली नाही. दोनपैकी दोन.

लोखंडी खिळा बुडतो, जहाज तरंगते. कारण लिहा.
दुर्गेश कोळी:
'मामाकडे हतनूरले गेलो होतो. मामीची कढई
पाण्यात सोडली. तरंगली. खिळा टाकला, गेला.
कढई वाकडी केली, पाणी शिरलं, कढई पण गेली.
मग मार बसला.'
घनता हा शब्द कुठेच नाही.
उत्प्लावक बल नाही.
कढई आहे फक्त, धरणाच्या तळाशी, उताणी की पालथी
कोण जाणे.
तीनपैकी दीड दिले. खोडून दोन केले.
उद्या कुणी विचारलं तर, म्हणून खाडाखोडीशेजारी सही.

पहलसिंग बारेला लिहितो, झाडाचं अन्न मुळं तयार करतात.
नाही रे. पानं.
वर्गात पान उकळलं होतं, हिरवं सगळं उतरवलं होतं,
वर आयोडीनचे थेंब, आणि पान
निळंकाळं होताना पोरं बाकावर चढलेली.
तू कुठे होतास?
हजेरीपट काढला. फेब्रुवारी, सलग एकोणीस दिवस 'गै'.
केळीचे घड वाहायला, कुणीतरी म्हणालं होतं तेव्हा.
शून्यच द्यावं लागलं.
पेनाला टोपण लावून थोडा वेळ बसले.

बाहेर केळीची पानं उन्हानं फाटून
झिरमिळ्या झालेली. चहा केला. प्यायला विसरले.

रिजवाना तडवी. अक्षर मुंग्यांचं.
बाष्पीभवनाने थंडावा का निर्माण होतो?
सूचीतलं सगळं आलंय, ओळीनं, ठणठणीत.
पुढे सूचीत नसलेलं:
'पण हवा कोरडी पाहिजे.
आषाढात आमचा कूलर नुसतं अंग चिकट करतो.'
आणि शेवटच्या पानावर, पुरवणीच्या दोऱ्याखाली,
पेन्सिलनं, पुसता येईल इतकं फिकट:
'बाई, पाणी आपली उष्णता घेऊन जातं.
मग ती ठेवतं कुठं?'

जळगावला बी.एस्सी. झाले. बावीस वर्षं शिकवतेय.
इतका सरळ प्रश्न
माझ्या एकाही पेपरात मी काढलेला नाही.
उत्तर येतं मला. वर गेल्यावर, वाफेचं पुन्हा पाणी होताना
ती सोडून देतं, ढगाच्या पोटात.
लाल पेनानं लिहायला घेतलं,
समासातली जागा 'ढगा'पाशीच संपली.
पहिलं पान उलटलं. तिथे छापलेलं:
मिळालेले गुण, पैकी, परीक्षकाची सही.

प्रश्नाचे गुण कुठल्या रकान्यात भरायचे?

वीज गेली.
पंखा थांबला, वाळा तेवढा ठिबकत राहिला.
कपाळावर घाम. दुर्गेशच्या पेपरनं वारा घेतला,
गार वाटलं. म्हणजे आत्ता इथून
थोडीशी निघाली.

रिजवाना: चाळीसपैकी छत्तीस.
जूनमध्ये ती नववीत जाईल.
नववीचं विज्ञान भारंबे सरांकडे.
त्यांना सांगून ठेवायला हवं.