फट

मामा चौकाच्या मागच्या बोळात खलीलभाईचं दुकान.
दहा रुपये दिवस, शंभर डिपॉझिट
आणि वहीत नाव.
डिस्क उजेडात तिरकी धरायची,
ओरखडे मोजायचे,
घासाघीस करायची, आठवर यायचं.
अडकलीच कुठं तर टूथपेस्ट, पांढरी, जेल नको,
मधून काठाकडं पुसायची, गोल नाही.
हे मला हनुमंत जिग्यानं शिकवलं.
त्यानंच दोन हजार नऊ साली
माझी एकुलती एक ओरिजनल,
पहिल्या पगारातून औरंगाबादहून आणलेली,
"दोन दिवसांत देतो बे" म्हणून नेली.

आता माझी गार्गी खेळ उतरवून घेते.
ब्याण्णव जीबी.
जालन्याची लाइट त्रेसष्ट टक्क्यांवर जाते,
आली की त्रेसष्टावरूनच पुढं.
हे मला आवडतं, खोटं कशाला बोलू.
एस्टीचं तिकीट नाही, ओरखडा नाही,
आणि एक गोष्ट मला फार उशिरा सुचली:
खलीलभाईच्या दुकानात, इतक्या वर्षांत,
मी एकही पोरगी पाहिली नव्हती.

दिवाळीत तिचा एक खेळ यादीतून गेला.
पैसे भरलेले, पावती आहे, खेळ नाही.
बारीक अक्षरं वाचत बसलो.
तुम्ही खेळ घेतलेला नाही,
खेळायची परवानगी घेतलेली आहे.
मला हसूच आलं.
बियाण्याच्या कंपनीत मी तेरा वर्षं पाकिटं भरतोय,
पाकिटामागं हेच तर असतं, बारीक अक्षरांत:
यातलं बी पुढच्या हंगामाला धरू नये.
लोक तरी नेतात. उगवण चांगली आहे.
माझी आई दोडक्याचं बी अजून राखेत घालून ठेवते,
त्यातलं निम्मं उगवत नाही,
ते मात्र ती कुणाला सांगत नाही.

मागच्या रविवारी हनुमंत आला.
घर बदलायलाय, माळ्यावर सापडली म्हणाला.
कव्हरचा कोपरा उंदरानं खाल्लेला,
आत माझं नाव, माझ्याच अक्षरात,
आणि त्याखाली पेनानं काढलेली एक मिशी.
"सोळा वर्षं झाली. दंड किती?"
मग दोघं गुडघ्यावर बसून
नव्या मशीनच्या चारी बाजूंनी बोटं फिरवत राहिलो,
अंधारात बटण शोधावं तसं.
गार्गी सोफ्यावरून म्हणाली,
"पप्पा, त्याला तोंडच नाही."

खलीलभाई आता मोबाइलच्या काचा बसवतो.
त्याच्याकडं जुनं मशीन असेल का, यावर
आम्ही दोन चहा घालवले. उठलं कोणीच नाही.
निघताना हनुमंतानं डिस्क उजेडात तिरकी धरली,
फुंकर मारली, शर्टाला पुसली,
मधून काठाकडं.
"काय करणारेस तू हिचं?
मी नेऊ का? दोन दिवस."

घेऊन जा, म्हणलो.